पीएचडी झाली, आता 'डॉ.' कुठे लावायचं आणि कुठे नाही

माझी पीएचडीची व्हायवा (शेवटची तोंडी परीक्षा) झाली त्या संध्याकाळी गावाला पोचलो तर चौकात बॅनर आधीच लागलेला. फोटो माझा बीएस्सीच्या वेळचा, खाली "डॉक्टर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन", आणि शुभेच्छुक म्हणून चोवीस पोरांचे फोटो, त्यातले निम्मे गॉगल लावून. विषय वनस्पतिशास्त्र, केळीवरचे व्हायरसचे रोग, हे कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शेजारची आजी ओट्यावर येऊन बसली, लुगडं गुडघ्याच्या वर घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, आते तू डाक्टर व्हयना, मना हाऊ गुडघा देख बरं, भलता दुखी ऱ्हायना." मी म्हटलं आजी मी झाडांचा डॉक्टर शे. तर म्हणे, "मंग काय व्हयनं, एखादी गोयी लिखी दे."

तर हे सगळं त्या आजीपासून सुरू झालं. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारला स्वतःचं विद्यापीठ आलं १९९० मध्ये, त्याच्या आधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, पीएचडी करायची म्हणजे पुण्याच्या चकरा आल्या, त्यामुळे जुन्या लोकांनी सुईवाला सोडून दुसरा डॉक्टर फारसा पाहिलेलाच नाही, त्यांचा काही दोष नाही. आता मात्र एकेका तालुक्याच्या कॉलेजात पाच-सात पीएचडीवाले निघतात आणि प्रत्येक नवा माणूस त्याच चुका करतो ज्या मी केल्या. म्हणून हे लिहून ठेवतोय, क्रमाने वाचा.

पहिलं काम: झाली का ते बघा

थिसिस सबमिट केली म्हणजे पीएचडी झाली नाही. हे सांगायला लागू नये पण लागतं, कारण सबमिशनच्या दुसऱ्याच दिवशी डीपीखाली डॉ. टाकणारे लोक मी बघितलेत आणि मग रेफरीचा, म्हणजे थिसिस तपासणाऱ्या परीक्षकाचा, रिपोर्ट करेक्शनसह परत आला की सात-आठ महिने तोंड लपवत फिरतात. व्हायवाच्या शेवटी बाहेरचे रेफरी सगळ्यांसमोर सांगतात की पदवी द्यावी अशी शिफारस करतो, गाईड हात मिळवून "अभिनंदन डॉक्टर" म्हणतात, पेढे फिरतात, फोटो होतात. पण ती शिफारस आहे. तो रिपोर्ट विद्यापीठात जातो, मग पदवी दिल्याचं नोटिफिकेशन निघतं, त्याच्यावर एक तारीख असते, आणि पुढे इंटरव्ह्यू असो, प्रमोशन असो, इन्क्रिमेंट असो, सगळीकडे तीच तारीख विचारतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमात पदवीच्या आधी विद्यापीठाने प्रोव्हिजनल सर्टिफिकेट द्यायचं असतं, त्यात ही पीएचडी नियमाप्रमाणे झालीये असं लिहिलेलं असतं. ते मागून घ्या, पदवीप्रदान समारंभाच्या गाऊनची वाट बघत बसू नका.

माझा हिशोब असा: व्हायवा ते नोटिफिकेशन या काळात लोक डॉक्टर म्हणाले तर म्हणू द्या, आईला तर अजिबात थांबवू नका, पण आपल्या हाताने कुठे लिहू नका. नोटिफिकेशन आलं की त्याच्या दहा झेरॉक्स, एक स्कॅन मोबाईलमध्ये, एक मेलवर. नंतर ते कुठल्या फाईलीत ठेवलं ते सापडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो, मला ते शेवटी बियाण्यांच्या बिलांत सापडलं.

दुसरं: लिहायचं कसं

मराठीत डॉ., टिंब द्यायचं. इंग्रजीत लिहिताना अमेरिकन पद्धतीने टिंब देतात, ब्रिटिश पद्धतीने देत नाहीत, कुठलंही एक धरा आणि तेच चालवा. नावाआधी डॉ. आणि नावामागे पीएच.डी. दोन्ही एकदम लावू नका, ते म्हणजे शेवभाजीवर पुन्हा शेव मागण्यासारखं आहे (तसे मागणारे आहेत म्हणा). कॉलेजात असाल तर प्रा. डॉ. चालतं, मराठीत रूढच आहे ते, आणि पुढे प्राचार्य झालात तर प्राचार्य डॉ., तोवर आणखी पाच-सहा उपाध्या जमतील त्याला इलाज नाही.

खटकतं ते "डॉ. सौ." हे. पुरुषाच्या नावाआधी डॉ. लागलं की श्री. गळून पडतं, बाईच्या नावाआधी मात्र सौ. चिकटूनच राहतं, जणू लग्न झालंय हे थिसिसमध्ये चॅप्टर होतं. ज्यांना आवडतं त्यांनी खुशाल लावावं, पण प्रिंटरवाला स्वतःहून लावत असेल तर फोन करून काढायला लावा.

तिसरं: सरकारी कागदांवर नाही म्हणजे नाही

इथे हौस करू नका. आधार, पॅन, पासपोर्ट, तिन्हीवर नाव म्हणजे नुसतं नाव. पॅनच्या फॉर्मच्या सूचनांत तर स्पष्ट लिहिलंय की नावात श्री, श्रीमती, डॉ. असं काही घालू नका, आधारचंही तेच. नावात बदल झालेलाच नाही, त्यामुळे गॅझेट करायचीही गरज नाही, एका मित्राने त्याची चौकशी करण्यात एक पूर्ण दिवस घालवला होता.

आता माझा किस्सा. एका बँकेत केवायसी अपडेट करायला गेलो, फॉर्मवर नावाआधी छोटा चौकोन होता, त्यात मी ऐटीत डॉ. लिहिलं. टाईप करणाऱ्याने ते चौकोनात न टाकता सरळ पहिल्या नावात टाकलं, म्हणजे बँकेच्या लेखी माझं पहिलं नाव डॉ. झालं आणि माझं खरं नाव गेलं वडिलांच्या जागेवर. मला पत्ताच नाही. पुढे पेपर तपासणीचं मानधन यायचं होतं, दोन हजार तीनशे साठ रुपये फक्त, ते नाव जुळत नाही म्हणून परत गेलं, पुन्हा पाठवलं, पुन्हा परत. पावणेदोन महिने मी अर्ज, आधारची झेरॉक्स, पॅनची झेरॉक्स घेऊन त्याच काऊंटरला, आणि काऊंटरवरचा माणूस दर वेळी अगदी आदराने म्हणायचा, "बसा ना डॉक्टरसाहेब." शेवटी डॉ. निघालं तेव्हा पैसे आले, तेवढ्यात पेट्रोलच त्याहून जास्त जळालं होतं. तेव्हा बँकेत श्री./श्रीमती/कु. एवढंच, आणि पासबुक हातात आलं की तिथेच उभं राहून नाव वाचायचं, घरी येऊन नाही.

विमानाचं तिकीट काढताना यादीत डॉ. चा पर्याय दिसतो, मोह होतो. घेऊ नका. एक तर ओळखपत्रावर ते नसतं, आणि दुसरं म्हणजे वर हवेत कोणाला चक्कर आली आणि एअरहोस्टेस यादी बघून तुमच्या सीटपाशी आली तर तुम्ही काय करणार, त्यांना केळीवरच्या मावा किडीची माहिती देणार?

चौथं: गावात

हा सगळ्यात अवघड भाग, म्हणून जरा बैजवार सांगतो.

पीएचडीनंतर वर्षभराने आम्ही घराला रंग दिला आणि वडिलांनी जळगावहून ग्रॅनाईटची पाटी करून आणली, काळ्यावर सोनेरी अक्षरं, डॉ. आणि माझं नाव, बस, पुढे काहीच नाही. मला जरा खटकलं होतं पण वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा हौसेने काही आणलं होतं, ती पाटी पुसताना त्यांचा हात कसा फिरायचा ते मी बघत होतो, काय बोलणार. बसवली. पावसाळ्याच्या तोंडावर एका रात्री दोनच्या सुमारास गेट वाजलं. बाहेर मोटारसायकल, एक माणूस, मागे बाई आणि तिच्या मांडीवर पाच-सहा वर्षांचा पोरगा, घामाने ओला, रडूनसुद्धा थकलेला. शेतात राहणारे लोक होते, दुसऱ्या गावचे, विंचू चावलेला. कोणीतरी सांगितलं होतं की पुढच्या गावात रस्त्यालाच डॉक्टरचं घर आहे, मोठी पाटी आहे. त्या माणसाने मोबाईलच्या टॉर्चने पाटी वाचली होती आणि अजून टॉर्च पाटीवरच होता. मी म्हटलं मी तो डॉक्टर नाही. त्याला ते कळेचना, तो परत परत पाटीकडे बोट दाखवायचा. "आठे लिखेल शे ना साहेब." मग वाद बंद केला, गाडी काढली, तिघांना घातलं आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, पोरगा वाचला, सकाळी उठून बिस्किट खात होता. पण माझ्या गेटवर गेलेली ती सात-आठ मिनिटं मला आजही आठवतात, ते सरळ तालुक्याला गेले असते तर तेवढा वेळ वाचला असता. आणि मी त्या दिवशी बाहेरगावी असतो तर ते कुलूप वाजवत किती वेळ उभे राहिले असते कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी वडिलांना काहीच बोललो नाही, त्यांनीच पाटी काढली. आता जी आहे तिच्यावर नाव आहे आणि खाली बारीक "वनस्पतिशास्त्र, केळी संशोधन". मोठं शहर असतं तर चाललं असतं, जळगाव-धुळ्यात अपार्टमेंटच्या पाटीवर डॉ. असलं तर कोणी रात्री येत नाही, तिथे दहा पावलांवर खरा दवाखाना असतो. पण रस्त्यालगतचं घर, आसपास पाच-सात किलोमीटरवर दवाखाना नाही, अशा ठिकाणी नुसतं डॉ. असलेली पाटी लावू नका. लावायचीच असेल तर विषय लिहा, आणि तोही मराठीत, "बॉटनी" लिहिलं तर गावात ते औषधाचंच नाव वाटतं. आणि १०८ नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ करून ठेवा, तसंही उपयोगी आहे.

रोजच्या गुडघा-शुगर-बीपीवाल्यांचं काय करायचं? माझा अनुभव, समजावून सांगून काही होत नाही. "मी पीएचडी आहे" म्हटलं की त्यांना वाटतं एमबीबीएसच्या वरची काहीतरी मोठी डिग्री असणार, आणखीच विश्वास बसतो. त्यापेक्षा एकच वाक्य ठरवून ठेवा आणि प्रत्येकाला तेच सांगा. माझं आहे: "माय, मी केयीना डाक्टर शे, मानूसना नही." हसतात आणि विषय संपतो. रिपोर्टचा कागद हातात दिला तर घेऊच नका, हातात घेतला की संपलं, मग "नुसतं वाची तरी दाखाड" येतं, मग "जास्ती शे का कमी शे" येतं, आणि तुम्ही "जरा जास्त दिसतेय" म्हटलं की संध्याकाळपर्यंत गावभर होतं की डॉक्टरनी गोड बंद करायला सांगितलं. क्रोसिनसुद्धा सांगू नका. नावाआधी डॉ. लावणं हा पीएचडीवाल्याचा हक्क आहे, पण नोंदणी नसताना माणसं तपासणं हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ प्रमाणे गुन्हा आहे, बोगस डॉक्टरांवर धाडी पडतात त्या यातूनच. तुम्ही चांगल्या मनाने सांगितलं होतं हे तिथे कोणी ऐकत नाही.

गाडीवर लाल अधिक चिन्ह तर चुकूनही नको. रेड क्रॉसचं ते चिन्ह १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्याने राखीव आहे, ते खऱ्या डॉक्टरांनाही लावता येत नाही, लावतात ती गोष्ट वेगळी.

लग्नाचा बायोडाटा असेल तर मात्र दोन्ही लिहा, तेवढाच अपवाद, "डॉ." नंतर लगेच कंसात पीएच.डी. आणि विषय. आमच्या एका मित्राचं स्थळ बघायला आलेले लोक चहा-पोहे होईपर्यंत "दवाखाना कुठे टाकणार" विचारत होते, आणि तो तासिका तत्त्वावर शिकवणारा. त्याच्या मामाने शेवटी सांगून टाकलं, "डाक्टर शे, पन सुई टोचस नही." पाहुणे उठले. लग्न नंतर दुसरीकडे झालं, चांगलं झालं.

पाचवं: जिथे लावायचं तिथे सोडू नका

आता उलटी बाजू. वर एवढं सगळं नको-नको सांगितल्यावर काही लोक इतके संकोचतात की कॉलेजातही लावत नाहीत, आणि ते मला अजिबात पटत नाही. रिसर्च पेपर, परिषदेचं सर्टिफिकेट, कॉलेजचं पत्र, परीक्षेच्या नेमणुका, गाईडशिपचा अर्ज, वर्तमानपत्रातला लेख, शेतकरी मेळाव्यातलं भाषण, तिथे ती पदवी हेच तुमचं ओळखपत्र आहे. यूजीसीच्या नियमात किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा वर्षं असा कालावधी धरलाय, तेवढा काळ घातलाय तुम्ही. लावा.

आणि बायकांनी तर नक्की लावा, मागून घेऊन लावा. आमच्या कॉलेजात एक मॅडम आहेत, त्यांची पीएचडी माझ्या दोन वर्षं आधीची. एका कार्यशाळेचा फ्लेक्स आला, त्याच्यावर माझं "प्रा. डॉ." आणि त्यांचं "सौ.... मॅडम". मी म्हटलं जाऊ द्या, आता वेळ नाही. त्या काहीच बोलल्या नाहीत, ऑफिसातून पांढरा कागद घेतला, स्केलने पट्टी कापली, काळ्या मार्करने "प्रा. डॉ." लिहिलं आणि फ्लेक्सवर सेलोटेपने चिकटवलं. दिवसभर ती पट्टी फॅनच्या वाऱ्याने फडफडत होती आणि फोटोत सगळ्यात आधी तीच दिसते. त्यानंतर एकदाही चुकलं नाही. "जाऊ द्या" म्हणणारा मी होतो ही गोष्ट मला अजून टोचते.

बोलताना मात्र कोणाकडून मागू नका. "मला डॉक्टर म्हणा" असं तोंडाने सांगितलं की आपल्याकडे आयुष्यभर तेच नाव पडतं, पण टोमण्यात. घरी भाऊ, दादा, आप्पा जे काही आहात तेच राहा. फोनवर नाव सांगतानाही नुसतं नाव, दवाखान्यात नंबर लावताना तर हमखास नुसतं नाव, नाहीतर तिथले डॉक्टर तुमच्याशी औषधांच्या इंग्रजी नावांत बोलायला लागतात आणि तुम्ही मान हलवत बसता.

"खरा डॉक्टर कोण" हा वाद कधीतरी होणारच, बहुतेक एमबीबीएस झालेल्या वर्गमित्रासोबत. माहिती म्हणून असू द्या: डॉक्टर हा शब्द लॅटिनमधल्या शिकवणे या अर्थाच्या धातूवरून आलाय, एमबीबीएस ही नावाप्रमाणे बॅचलर डिग्री आहे, आणि इंग्लंडात सर्जन लोक स्वतःला आजही मिस्टर म्हणवून घेतात. आपल्या घटनेच्या कलम १८ ने किताब बंद केले पण लष्करी आणि शैक्षणिक उपाध्या सोडून, म्हणजे आपलं डॉ. तिथेही बसतं. आणि आपल्या महाराष्ट्रात नुसतं "डॉक्टर" म्हटल्यावर ज्यांचं नाव पहिलं डोळ्यासमोर येतं ते बाबासाहेब, त्यांनी कधी नाडी बघितली नाही, लंडनची डी.एस्सी. १९२३ ची, कोलंबियाची पीएचडी १९२७ ची. ते धुळ्याला कोर्टाच्या कामासाठी आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर राहिले, १९३७ साल, तिथे अजूनही दर ३१ जुलैला लोक जमतात. त्यांना कोणी विचारत नाही की कुठले डॉक्टर. पण हा वाद जिंकू नका. तो एमबीबीएसवाला मित्र रात्री दोनला फोन उचलणारा एकमेव माणूस आहे, माझ्या विंचवाच्या रात्री मी गाडीतून त्यालाच फोन लावला होता.

सहावं: विकतचं डॉक्टर

पीएचडी झाल्यावर, किंवा न होताही, मोबाईलवर मेसेज येतो की तुमच्या समाजकार्याची दखल घेऊन अमुक आंतरराष्ट्रीय युनिव्हर्सिटी तुम्हाला मानद डॉक्टरेट देतेय, समारंभ हॉटेलात, गाऊन-टोपी-फोटो, रजिस्ट्रेशन फी एवढे हजार. भारतात पदवी कोण देऊ शकतं ते यूजीसी कायदा १९५६ च्या कलम २२ मध्ये आहे: विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेच्या कायद्याने ज्याला अधिकार दिलाय ती संस्था. बाकी सगळं म्हणजे लग्नातला फेटा. यूजीसीच्या वेबसाईटवर बोगस विद्यापीठांची यादी असते, पाच मिनिटं लागतात बघायला. खऱ्या विद्यापीठाने दिलेली मानद पदवी मोठा सन्मान आहे, पण ती मिळाली म्हणून नावाआधी डॉ. लावायचा प्रघात नाही, त्यात पुढारी लोक काय करतात ते बघू नका. तुमच्या गावात कोणी असं विकतचं डॉ. लावून फिरत असेल तर तो विषय चारचौघांत काढू नका, पण त्याच्याच बॅनरवर शुभेच्छुक म्हणून स्वतःचा फोटोही देऊ नका. मी एकदा दिला होता. गॉगल नव्हता लावला एवढंच.

ती शेजारची आजी आता गुडघा दाखवत नाही. तिचा नातू केळी लावतो, मागच्या महिन्यात तोच आला, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पान. म्हणे "डाक्टर, हाई हरण्या शे का?" पान उजेडात धरलं, पिवळे पट्टे शिरांना समांतर, होताच तो सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), म्हणजे हरण्या. मी आधी त्याच्यावर ओरडलो की रोगाचं पान असं उघड्या पिशवीत चार जणांच्या बागेतून आणतात का, हा रोग पसरवणारा मावा उडून कुठेही बसेल, फोनवर फोटो पाठवायचा. मग शेतात गेलो, अकरा झाडं निघाली, मुळासकट उपटून खड्ड्यात पुरायला लावली, बांधावरचा काकडीचा वेल काढायला लावला, कारण त्याच्यावरही तोच व्हायरस राहतो. काकडीवरून आजी चिडली, वेल तिचा होता.